मोजले, मुंडले आणि देऊन टाकले

७,५०० अधिक ८,६०० अधिक ६,२००. बेरीज होते २२,३००. बायबलच्या ‘गणना’ या पुस्तकात, तिसऱ्या अध्यायात, इस्राएल लोकांतल्या लेवी वंशाच्या, म्हणजे पवित्रस्थानाच्या सेवेला नेमलेल्या वंशाच्या, तीन कुळांचे हे आकडे आहेत आणि खाली एकूण मांडली आहे २२,०००. मग तीनशे जण गेले कुठे?

तालमूदमध्ये, म्हणजे ज्यू धर्मचर्चांच्या जुन्या संग्रहात, हाच प्रश्न एक रोमी अधिकारी रब्बी योहानान बेन झक्काई यांना विचारतो. रब्बी सांगतात, ते तीनशे लेवी स्वतःच आपापल्या आईचे पहिले मुलगे होते, आणि एक ज्येष्ठ पुत्र दुसऱ्या ज्येष्ठ पुत्राच्या बदल्यात उभा राहून त्याला सोडवू शकत नाही; म्हणून बेरजेत ते धरलेच नाहीत. आधुनिक अभ्यासकांचं उत्तर वेगळं आहे. हिब्रूत ‘तीन’ आणि ‘सहा’ या शब्दांत एका अक्षराचा फरक पडतो. ‘शलोश’मधला लामेद, म्हणजे ‘ल’, नकलनविसाच्या हातून गळला की ‘शेश’ उरतो. कहाथ कुळाचे मुळात ८,३०० असावेत, त्याचे असे ८,६०० झाले, असं धरलं की हिशेब काट्यावर बसतो. हस्तलिखितातली चूक कुठे झाली, एवढाच प्रश्न असेल तर हे दुसरं उत्तर बहुधा बरोबर आहे. पण ती यादी कशाची आहे हे रब्बींनी जास्त नेमकं ओळखलं होतं. त्यांनी ती जमाखर्चासारखी वाचली. कोण कोणाच्या बदल्यात उभा आहे, आणि कोण कोणाच्याच बदल्यात उभा राहू शकत नाही, हे ते पाहत होते.

हा मुद्दा एवढ्यासाठी काढायचा की लेवींबद्दल आपल्याकडे दोन सोपी समीकरणं फिरतात. एक, ‘लेवी म्हणजे इस्राएलचे ब्राह्मण’. जन्माने मिळालेलं पद, दशमांशावर चरितार्थ, देवळाशी संबंध. एवढं जुळलं की चर्चा संपते. दुसरं काही ख्रिस्ती मंडळ्यांमधलं. तिथे उपासनेत गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना ‘लेवी’ म्हणतात आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करताना लेवींच्या शुद्धीकरणाचा अध्याय वाचतात. दोन्हीकडे गृहीत एकच, की मोजून वेगळं काढणं आणि विधिपूर्वक शुद्ध करणं म्हणजे मान वाढवणं. ‘गणना’चा मजकूर सावकाश वाचला तर हे गृहीत टिकत नाही. तिथे लेवींना मोजलं आहे ते देणं फेडण्यासाठी, आणि त्यांचं शुद्धीकरण झालं आहे ते अर्पणाचा पदार्थ म्हणून. त्यांना वेदीपाशी याजक म्हणून उभं केलेलं नाही.

आधी मोजणी पाहू. मिसरातून, म्हणजे इजिप्तमधून, बाहेर पडल्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी, दुसऱ्या महिन्याच्या पहिल्या दिवशी सीनायच्या रानात लोकांचा पुढारी मोशे याला आज्ञा होते की वीस वर्षांचे आणि त्यावरचे, लढाईला जाऊ शकणारे पुरुष मोज. हिब्रूत इथे ‘कवटीगणिक’ असा शब्द आहे. आपली ‘शिरगणती’ त्याच्या अगदी जवळची. आकडा येतो ६,०३,५५०. लेवी त्यात नाहीत. त्यांची गणती इतरांबरोबर करू नकोस, अशी स्पष्ट ताकीद आहे. मग लेवी मोजले जातात, आणि तेही दोनदा. पहिल्या खेपेला एक महिन्याच्या बाळापासून वरचे सगळे पुरुष, ते २२,०००. दुसऱ्या खेपेला फक्त तीस ते पन्नास वयाचे, ते ८,५८०. वंश तोच, मुक्काम तोच, आकडे दोन.

वयाची अट बघितली की प्रत्येक मोजणीमागचा प्रश्न दिसतो. वीस वर्षांवरचा म्हणजे लढू शकणारा. तीस ते पन्नासमधला म्हणजे ओझं वाहू शकणारा. आणि एक महिन्याचं तान्हं? ते ना तलवार धरू शकत, ना खांब उचलू शकत. ते फक्त असू शकतं. दुसऱ्या एका बाळाच्या जागी त्याचं नाव लिहिता येतं, इतकंच. महिनाच का, तर तीस दिवस न काढलेलं मूल जगलं असं ज्यू धर्मशास्त्र निश्चितपणे धरत नाही. महिना झाला की ते हिशेबात येतं.

हा हिशेब मिसरातल्या त्या रात्रीचा आहे. मिसऱ्यांचे ज्येष्ठ पुत्र मेले आणि इस्राएलचे वाचले. त्या दिवसापासून इस्राएलचा प्रत्येक पहिला मुलगा परमेश्वराचा झाला, असं ‘निर्गम’ आणि ‘गणना’ दोन्ही सांगतात. आता ते देणं वसूल होतं, पण मुलांऐवजी लेवी घेतले जातात. डोक्यास डोकं. ज्येष्ठ पुत्र भरले २२,२७३ आणि लेवी २२,०००. उरले २७३. त्यांच्यासाठी माणशी ५ शेकेल चांदी, पवित्रस्थानाच्या शेकेलाप्रमाणे, म्हणजे २० गेऱ्यांचा एक. एकूण १,३६५ शेकेल. ते मोशेचा भाऊ आणि मुख्य याजक अहरोन याच्या आणि त्याच्या मुलांच्या हाती दिले गेले. यहूदात सापडलेल्या दगडी वजनांवरून शेकेल साधारण ११.४ ग्रॅमचा धरतात. म्हणजे ही रक्कम सुमारे साडेपंधरा किलो चांदीची झाली.

या २७३ जणांत कोणाचा नंबर लागला, हे ‘गणना’ सांगत नाही. तालमूद सांगतो. मोशेने २२,००० चिठ्ठ्यांवर ‘लेवी’ लिहिलं, २७३ चिठ्ठ्यांवर ‘पाच शेकेल’, आणि सोडत काढली. म्हणजे ‘मीच का पैसे भरू?’ असं कोणी म्हणायला नको. ही कल्पना मागाहूनची असली तरी अडचण अचूक पकडते. बदलीच्या व्यवहारात खरा तंटा उरलेल्यांचाच असतो.

आणि पाचच का? ‘लेवीय’ पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात नवसाला बोललेल्या माणसांचं मोल दिलं आहे. वीस ते साठ वयाच्या पुरुषाचे ५० शेकेल, पाच ते वीसच्या मुलाचे २०, आणि एक महिना ते पाच वर्षांच्या मुलग्याचे ५. म्हणजे त्या २७३ जणांत कोणी चाळिशीचा बाप्या असला तरी त्याची किंमत तान्ह्या बाळाच्या दराने लागली. त्याची ताकद, कमाई, प्रतिष्ठा यातलं काहीच मोजलं गेलं नाही. तो जन्मला त्या क्षणीचं देणं तेवढं मोजलं गेलं.

इथे कोणी म्हणेल, आकडेच जर अविश्वसनीय असतील तर त्यांवर एवढं उभं का करायचं? आक्षेप रास्त आहे. ६,०३,५५० प्रौढ पुरुषांमागे २२,२७३ ज्येष्ठ पुत्र, म्हणजे दर सत्तावीस पुरुषांमागे एक. कोणत्याही समाजात हे प्रमाण बसत नाही. ही फक्त मिसर सोडल्यानंतर जन्मलेली मुलं होती, असा एक बचाव केला जातो. मरारी कुळात तर ६,२०० पुरुषांपैकी ३,२०० तीस ते पन्नास वयाचे निघतात. निम्म्याहून जास्त! ज्या कुळात लहान मुलंही मोजली आहेत तिथे हे कसं होईल? खानेसुमारी म्हणून हे आकडे वाचायला गेलं तर हाती काही लागत नाही, हे मान्य करून टाकलेलं बरं. लिहिणाऱ्याला मात्र ते कशासाठी हवे होते, हे त्यातून कळतं, आणि माझा दावा तेवढाच आहे.

हिब्रूत मोजण्यासाठी वारंवार येणारं क्रियापद आहे ‘पाकद’. मोजणं, हजेरी घेणं, नेमणूक करणं, झडती घ्यायला येणं, हे सगळे अर्थ त्यात आहेत. मोजणारा नुसता आकडा काढत नाही. मोजलेल्यावर तो हक्क सांगतो. म्हणूनच ‘निर्गम’च्या तिसाव्या अध्यायात नियम आहे की लोकांची गणती कराल तेव्हा प्रत्येकाने आपल्या जिवाची खंडणी द्यावी, नाहीतर मरी येईल. रक्कम अर्धा शेकेल. श्रीमंताने जास्त द्यायचा नाही, गरिबाने कमी नाही. डोईपट्टीच ही, पण राजाच्या खजिन्यात न जाणारी.

हा नियम मोडल्यावर काय होतं त्याचा दाखला दावीद राजाचा. त्याने सेनापती यवाबाकरवी लढवय्ये मोजले. ‘शमुवेल’च्या दुसऱ्या पुस्तकात इस्राएलचे ८ लाख आणि यहूदाचे ५ लाख असा आकडा आहे. ‘इतिहास’ हीच गोष्ट सांगताना ११ लाख आणि ४,७०,००० म्हणतो, आणि वर नोंदवतो की यवाबाला हे काम इतकं किळसवाणं वाटलं की त्याने लेवी आणि बन्यामीन मोजलेच नाहीत. मग मरी आली, ७०,००० माणसं मेली. थांबली ती अरवना यबूसीच्या खळ्यावर. दावीदाने ते खळं विकत घेतलं आणि तिथे वेदी बांधली. गुन्हा नेमका कोणता, यावर मजकूर गप्प आहे. ज्यू परंपरा म्हणते, अर्धा शेकेल घेतला नाही हा. मला हे पटतं. दावीदाच्या मोजणीत द्यायचं काहीच नव्हतं. माझ्याकडे किती आहेत, एवढंच जाणून घ्यायचं होतं.

त्या अर्ध्या शेकेलांचं पुढे काय झालं, ही या सगळ्यातली माझ्या मते सर्वांत सुंदर गोष्ट आहे, आणि प्रवचनांत ती क्वचितच येते. ६,०३,५५० जणांचे अर्धे शेकेल म्हणजे ३,०१,७७५ शेकेल. ३,००० शेकेलांचा एक किक्कार; म्हणजे १०० किक्कार आणि वर १,७७५. ‘निर्गम’चा अडतिसावा अध्याय हाच हिशेब देतो. शंभर किक्कारांच्या शंभर बैठका, म्हणजे फळ्या-खांब उभे करायचे चांदीचे पाये, ओतल्या, एका किक्काराची एक. उरलेल्या १,७७५ मधून खांबांच्या आकड्या आणि पट्ट्या केल्या. निवासमंडपाच्या, म्हणजे रानात बरोबर नेण्याच्या उपासनेच्या तंबूच्या, ४८ फळ्या होत्या, बाभळीच्या लाकडाच्या, दहा हात उंच. प्रत्येक फळीखाली दोन बैठका म्हणजे ९६, आणि पडद्याच्या चार खांबांखाली ४. शंभर झाल्या. एक बैठक सुमारे ३४ किलोची, आणि एका बैठकीत ६,००० माणसांचे अर्धे शेकेल वितळलेले. मंडप शब्दशः मोजलेल्या माणसांच्या खंडणीवर उभा होता.

आणि मुक्काम हलला की या बैठका उचलणार कोण? लेवी.

इथे दुसरी मोजणी कामाला येते, तीस ते पन्नासची. ८,५८० माणसांची वाटणी अशी: कहाथ २,७५०, गेर्षोन २,६३०, मरारी ३,२००. कहाथींकडे कोश (कराराच्या पाट्यांची पवित्र पेटी), मेज, दीपवृक्ष, दोन्ही वेद्या. गेर्षोनींकडे कापड: पडदे, आच्छादनं, अंगणाच्या कनाती, त्यांच्या दोऱ्या. मरारींकडे सांगाडा: फळ्या, अडसर, खांब, बैठका, मेखा. सर्वांत जड माल ज्यांच्याकडे त्यांचीच माणसं सर्वांत जास्त, हा योगायोग नसावा.

वंशप्रमुखांनी सहा गाड्या आणि बारा बैल आणून दिले. मोशेने गेर्षोनींना दोन गाड्या नि चार बैल दिले, मरारींना चार गाड्या नि आठ बैल. कहाथींना एकही नाही. पवित्र वस्तू खांद्यावरूनच न्यायच्या. मरारींच्या चार गाड्यांचा हिशेब करून पाहा. नुसत्या चांदीच्या बैठका साधारण ३,४०० किलो. दर गाडीवर साडेआठशे किलो चांदीच झाली, आणि फळ्या, खांब, पितळी बैठका अजून खालीच आहेत. दहा हात लांबीच्या ४८ फळ्या बैलगाडीवर कशा रचाल? म्हणजे बरंचसं सामान माणसांनीच वाहिलं असणार. म्हणून तर मरारींबद्दल जास्तीची सूचना आहे की कोणती वस्तू कोणी न्यायची ते नावानिशी ठरवून द्या. तंबू-मांडवाचं काम केलेल्या कोणालाही यातली मेख कळेल. मोठे खांब विसरत नाहीत. मेखा आणि दोऱ्या मागे राहतात, आणि पुढच्या मुक्कामी त्यांच्याविना काहीच उभं राहत नाही.

निघण्याचा क्रमही असाच व्यवहारी. यहूदाचा निशाण आधी, मागोमाग गेर्षोनी आणि मरारी गाड्यांसह, मग रऊबेनाचा तळ, आणि त्यानंतर खांद्यावर पवित्र वस्तू घेतलेले कहाथी. ते पोहोचायच्या आत मंडप उभा झालेला असावा, म्हणून. उलट झालं तर कोश खांद्यावर घेऊन उघड्या रानात ताटकळायचं, आणि तो टेकवायला जागा नाही.

कहाथींचं काम मानाचं दिसतं, पण त्यांच्याच माथ्यावर मरणाची टांगती तलवार. त्यांनी वस्तूंना हात लावायचा नाही, क्षणभर नजरही टाकायची नाही. आधी अहरोन आणि त्याची मुलं आत जाणार, अंतरपट उतरवून कोशावर घालणार, वर तहश नावाच्या प्राण्याचं कातडं, त्यावर निळं कापड. मेजावर निळं, मग किरमिजी, मग कातडं. पितळी वेदीतली राख काढून तिच्यावर जांभळं. सगळं झाकून, दांडे बसवून झालं की मग कहाथींना आत बोलवायचं. ‘कहाथींच्या कुळांचा उच्छेद होऊ देऊ नका’ असं अहरोनाला बजावलेलं आहे. पुढे दावीदाच्या काळी कोश नव्या गाडीवर घालून आणला, नाखोनाच्या खळ्यापाशी बैल अडखळले, उज्जाने सावरायला हात लावला आणि तो जागीच मेला. ‘इतिहास’ कारण देतो: पहिल्या वेळी लेवींनी तो वाहिला नव्हता. ब्राह्मणांशी तुलना करणाऱ्यांनी इथे जरा थांबावं. गाभाऱ्यातल्या वस्तू वाहणाऱ्यालाच त्या पाहायची बंदी असेल, तर त्याला पुजारी म्हणायचं की भोई?

आता शुद्धीकरण. ‘गणना’चा आठवा अध्याय आणि ‘लेवीय’चा आठवा अध्याय शेजारी ठेवून वाचले की फरक लगेच डोळ्यांत भरतो. ‘लेवीय’मध्ये अहरोन आणि त्याच्या मुलांना याजकपद मिळतं. त्यांना स्नान घालतात, नवी वस्त्रं चढवतात, अहरोनाच्या डोक्यावर अभिषेकाचं तेल ओततात, मेंढ्याचं रक्त उजव्या कानाच्या पाळीला, उजव्या अंगठ्याला आणि उजव्या पायाच्या अंगठ्याला लावतात, आणि सात दिवस मंडपाच्या दाराशी बसवून ठेवतात. क्रियापद आहे ‘पवित्र करणं’. लेवींच्या विधीत तेल नाही, रक्ताचं बोट नाही, नवं वस्त्र नाही, सात दिवस नाहीत. क्रियापद आहे ‘शुद्ध करणं’. पवित्र हा शब्द या विधीत त्यांच्या वाट्याला येतच नाही. अभिषिक्त लेवी ही कल्पना मनात असेल तर ती या अध्यायातून आलेली नाही.

विधी असा. प्रथम शुद्धीचं पाणी शिंपडायचं. मग वस्तरा, तोही सगळ्या अंगावरून. मग कपडे धुवायचे; जे अंगावर होते तेच. अख्ख्या अंगाचे केस काढण्याचा असा विधी ‘लेवीय’मध्ये बऱ्या झालेल्या कोडी माणसासाठी आहे, तिथे तर डोकं, दाढी, भुवया अशी यादीच आहे. दोन्हीकडे माणूस एका अवस्थेतून दुसरीत चालला आहे. हेरोडोटस लिहितो की मिसरी पुजारी एक दिवसाआड अंगभर वस्तरा फिरवत. लेवींना हे एकदाच करायचं होतं.

मग दोन गोऱ्हे. एक होमार्पणासाठी, त्याच्याबरोबर तेलात मळलेल्या सपिठाचं अन्नार्पण. गोऱ्ह्यामागे सपीठ तीन दशांश एफा आणि तेल अर्धा हिन, असं त्या काळच्या मापांत प्रमाण पंधराव्या अध्यायात आहे. दुसरा पापार्पणासाठी. सांगताना होमार्पणाचा गोऱ्हा आधी येतो, पण करताना पापार्पण आधी. पाटी पुसल्याशिवाय देणगी चढवायची नाही.

आता मधला भाग, जो घाईत निसटतो. सगळी मंडळी जमवायची. इस्राएल लोकांनी लेवींवर हात ठेवायचे. मग लेवींनी गोऱ्ह्यांच्या डोक्यांवर हात ठेवायचे. अर्पणाच्या विधीत जो आणतो तो आपल्या जनावराच्या डोक्यावर हात ठेवतो; हे माझ्याकडचं, माझ्या नावाचं, असा त्याचा अर्थ. इथे लोकांचे हात लेवींवर आहेत. म्हणजे या घडीला लेवी हेच लोकांचं अर्पण. आणि लेवींचे हात गोऱ्ह्यांवर, म्हणजे त्यांच्या वाट्याचा सुरा गोऱ्हे झेलतात. हातांची साखळी लोकांकडून लेवींकडे आणि लेवींकडून जनावरांकडे गेली. जीव गेला शेवटच्या कडीचा. सहा लाख माणसांनी बावीस हजारांवर हात ठेवले असतील असं कोणी समजू नये. प्रतिनिधींनी ठेवले असणार, किंवा काही भाष्यकारांच्या मते ज्येष्ठ पुत्रांनी. हे दुसरं अधिक शोभतं: ज्याच्या जागी तू उभा राहणार, त्याचाच हात तुझ्यावर.

यातच अहरोनाने लेवींना परमेश्वरासमोर ‘ओवाळायचं’. हिब्रू शब्द ‘तनूफा’. अर्पणाचा भाग हातात घेऊन देवासमोर उचलून हलवणं. मराठी बायबलात ‘ओवाळणी’ हा शब्द आला आणि आपल्या डोळ्यांपुढे तबक आणि निरांजन उभं राहिलं. कृतीच्या दृष्टीने हा शब्द फसवा आहे, कारण तनूफात गोल फिरवणं नाही. पण ‘जीव ओवाळून टाकणं’ हे मराठी ज्याच्या कानावर आहे त्याला ‘टाकणं’ ऐकू येतं, आणि अर्थ बरोबर जागी पोहोचतो. बावीस हजार माणसं अहरोनाने उचलली कशी, हा प्रश्न मिद्राशाने, म्हणजे ज्यूंच्या जुन्या कथाभाष्याने, गंभीरपणे घेतला आणि एका दिवसात सगळी उचलली असं सांगून अहरोनाच्या ताकदीचं कौतुक केलं. त्यांना मंडपासमोर पुढे-मागे चालवलं असेल, असंही काही जण म्हणतात. ओवाळण्याची आज्ञा तीनदा का येते, यावर राशी या मध्ययुगीन ज्यू भाष्यकाराचं म्हणणं, तीन कुळांसाठी तीन वेळा.

या सगळ्याचा निष्कर्ष मजकूरच एका शब्दात देतो, आणि तो शब्द दोनदा उच्चारतो: ‘नतूनिम नतूनिम’. दिलेले, दिलेले. लोकांनी परमेश्वराला दिले, आणि पुढच्याच ओळींत परमेश्वराने अहरोनाला दिले. का, तर लोक पवित्रस्थानाजवळ आले की मरी येऊ नये म्हणून. लेवींचा तळही त्याच हिशेबाने: कहाथी दक्षिणेला, गेर्षोनी पश्चिमेला, मरारी उत्तरेला, पूर्वेला मोशे आणि अहरोन. मंडप मधोमध, लेवींचं कडं, बाहेर बारा वंश.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे. जर्मन बायबल-अभ्यासक युलिउस वेलहाउझेन यांनी १९व्या शतकात मांडलं की हा सगळा मजकूर बाबेलच्या (बॅबिलॉनच्या) बंदिवासानंतरच्या याजकवर्गाचा. ‘अनुवाद’मध्ये ‘लेवी याजक’ असा जोडशब्द येतो, तिथे दोन पायऱ्या नाहीत. यहेज्केल संदेष्टा लेवींना मूर्तिपूजेची शिक्षा म्हणून खालच्या कामाला लावतो. ‘गणना’ तीच खालची पायरी सीनायवर नेऊन ठेवते आणि तिला दैवी मुलामा देते. अहरोनवंशीयांच्या सोयीची व्यवस्था. काळाबद्दलचा वाद अभ्यासकांत अजून चालू आहे. पण सोयीचा मुद्दा नाकारता येत नाही: १,३६५ शेकेल गेले अहरोनाच्याच घरात. कहाथी कोरह २५० धूपाटणीवाल्यांना घेऊन ‘सगळीच मंडळी पवित्र आहे’ म्हणत उठतो, ती तक्रार पुस्तकाने दडपली नाही, पण त्याला जमिनीत गाडलं. इतकं मान्य करूनही म्हणावं लागतं की याजकांनी स्वतःवरही बंधन घालून घेतलं होतं. लेवी फुकटचे नोकर नव्हते. त्यांना जमिनीचा वाटा नाही, म्हणून दशमांश त्यांचा. आणि त्या दशमांशाचा दशमांश ते याजकांना देणार. राहायला ४८ गावं.

ही साखळी तुटल्यावर काय झालं तेही लिहून ठेवलेलं आहे. बंदिवासातून परतणाऱ्यांच्या यादीत याजक ४,२८९ आणि लेवी ७४. गाणारे आणि द्वारपाळ तिथे वेगळे मोजले आहेत. परतणाऱ्यांच्या एका तुकडीचा पुढारी एज्रा अहवा नदीकाठी तीन दिवस मुक्काम करून लोक तपासतो तर एकही लेवी नाही. निरोप धाडल्यावर ३८ मिळतात. वाहायला मंडप उरला नव्हता, जमीन मिळणार नव्हती, आणि हुकूम सोसायचा याजकांचा. कोण येईल? यहूदाचा सुभेदार नहेम्या याच्या काळात त्यांचे वाटे पोहोचेनात, तेव्हा लेवी आणि गायक सरळ आपापल्या शेतांवर निघून गेले.

वयाची अटही कामाबरोबर सरकत गेली. चौथ्या अध्यायात तीस, आठव्यात पंचवीस. तालमूद म्हणतो, मधली पाच वर्षं उमेदवारीची. पन्नाशीनंतर जड काम बंद, पण भावांबरोबर पहाऱ्याला उभं राहता येतं. ‘इतिहास’मध्ये दावीद वीसवर आणतो आणि कारण सांगतो: आता लेवींना निवासमंडप वाहायचा नाही. तिथेच ४,००० लेवी वाद्यं घेऊन स्तुतीला नेमले जातात. गायक लेवी हे दावीदाच्या व्यवस्थेतले. सीनायवर ज्यांच्या अंगावरून वस्तरा फिरला ते हमाल आणि पहारेकरी होते, आणि त्या अध्यायात गाण्याचा उल्लेखही नाही.

मंदिर इसवी सन ७० मध्ये पडलं. मोजणीचा एक भाग मात्र चालू राहिला. आईचा पहिला मुलगा एकतीस दिवसांचा झाला की बाप कोहेनाला, म्हणजे अहरोनवंशीय याजकाला, चांदीची पाच नाणी देऊन त्याला सोडवतो. तो दिवस शब्बाथाचा असेल तर विधी पुढे ढकलतात, कारण त्या दिवशी पैशाचा व्यवहार नाही. आई-बापांपैकी कोणी कोहेन किंवा लेवी घराण्यातलं असेल तर विधीच नाही; त्यांचं खातं सीनायवरच मिटलं. आणि सभास्थानात कोहेन आशीर्वाद द्यायला उठण्याआधी त्याच्या हातांवर पाणी घालायचं काम लेवीचं. लेवी हजर नसेल तर ते पाणी कोणी घालावं याचाही नियम आहे: एखाद्या ज्येष्ठ पुत्राने.